विटेचं घर्षण तीन न्यूटन

कोथरूडच्या आमच्या मुलींच्या शाळेत घर्षण बल तीन न्यूटन होतं. वीट अख्खी असो की अर्धी, फरशी ओली असो की कोरडी, तीन. आधीच्या वर्षीच्या प्रयोगवह्यांत तीन, त्याच्या आधीच्या वर्षीही तीन. वरच्या वर्गातल्या ताईची वही मिळवायची आणि आकृती, निरीक्षण, निष्कर्ष सगळं सुवाच्य अक्षरात उतरवून काढायचं. याला आमच्याकडे प्रयोग म्हणत. बल मोजायचा तानकाटा प्रयोगशाळेच्या कपाटात असे, आणि कपाटाला कुलूप. मोडला तर जबाबदार कोण?

आठवीत मी तो काटा मागितला. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, वही पूर्ण आहे ना, मग काटा कशाला? मी चार दिवस मागत राहिले. पाचव्या दिवशी, शुक्रवारी, त्यांनी कंटाळून कुलूप काढलं आणि मधल्या सुट्टीपुरता काटा दिला.

व्हरांड्यातल्या शहाबादी फरशीवर मी अर्ध्या विटेला सुतळी बांधली, काटा अडकवला आणि ओढायला लागले. वीट ढिम्म. काटा पाचवर, सहावर, सातवर. सातला ती एकदम सुटली, आणि सरकायला लागली तसा काटा पाचवर उतरला. माझाच हात दमला असेल म्हणून पुन्हा ओढली. पुन्हा तेच. दहा वेळा तेच. बसलेल्या विटेला हलवायला जोर जास्त लागतो, एकदा हलली की कमी पुरतो. सरकारी कचेरीत अर्ज दिलेल्या कुणालाही हे पुस्तकाशिवाय कळतं. मला विटेनं शिकवलं.

वहीतलं तीन खोडून मी दोन्ही आकडे लिहिले: सुटताना सात, सरकताना पाच. बाईंनी ते लाल पेनानं कापले.

"चौकट एकच आहे."

मी म्हटलं, आणखी एक आखते.

"वही छापील आहे. आपण इथे चौकटी आखायला येतो का?"

"पण बाई, तीन आलंच नाही. एकदाही नाही."

"चाळीस जणींना आलंय. तुलाच बरं येत नाही?"

त्या चाळीस जणींनी काटा कपाटाच्या काचेतूनच पाहिला होता. पण वहीवर सही नसेल तर तोंडी परीक्षेला बसू देत नसत, आणि परीक्षा सोमवारी होती. घरी बाबा म्हणाले, सात काय नि तीन काय, वीट येणारेय का तक्रार करायला? लिही आणि मोकळी हो.

आता मी आंदोलनांची पत्रकं लिहिते. 'माघार नाही' हे शब्द मोठ्या टाइपात टाकते. म्हणून हेही लिहिते: शनिवारी सकाळी मी त्या चौकटीवर पांढऱ्या कागदाचा तुकडा चिकटवला आणि त्यावर तीन लिहिलं.

बाईंनी निरीक्षणाकडे न बघता सही केली. वही परत देताना मात्र त्यांनी दाराकडे एकदा पाहिलं आणि हळूच विचारलं, "सुटताना सात, आणि मग पाच?"

"हो, बाई."

"बरोबर आहे. असंच येतं," त्या म्हणाल्या आणि पुढची वही उघडली.

त्या अडाणी असत्या तर मी त्यांना केव्हाच माफ केलं असतं. सोमवारी मी परीक्षेला बसले. विटेचं घर्षण बल किती, हे त्यांनीच विचारलं, आणि माझ्या 'तीन न्यूटन'ला पैकीच्या पैकी गुण दिले.