व्याह्याच्या माइकवर कावेरीबाई

त्या हनुमंत मोबाईलवाल्याचं नाव निघालं की आजबी माझं डोकं फिरतं. मेल्यानं माझ्या थोरल्या जावेचं, कावेरीबाईचं, नावच गिळलं होतं. पण तिनं ते त्याच्या घशातून कसं काढलं, ते ऐका.

आक्का, म्हंजे कावेरीबाई, आमच्या अहमदपूर तालुक्यात लग्नाचे गाणे म्हणती. हळदीचे, रुखवताचे, समदे. आन् दुसऱ्याचे न्हाईत, तिनंच जोडलेले. सोयाबीन काढताना जोडायची, भाकरी थापताना जोडायची, मी मागं झील धरायची. लोक म्हणले, बाई, तुमच्या गाण्याची सीडी काढा. मंग आक्कानं शेळ्या विकल्या, लातूरच्या स्टुडिओत जाऊन गाणे भरले. सीडीवर डोक्यावर पदर घेतलेला तिचा फोटो, खाली नाव, कावेरीबाई शेषेराव. आक्का साळंत गेली न्हाई. पण तेवढं नाव तिला वाचता यायचं, त्याच्यावर बोट फिरवत बसायची.

थोड्या सीड्या अहमदपुरात खपल्या, उरलेल्या घेऊन आम्ही माळेगावच्या जत्रंत बसलो. बायका यायच्या, ऐकायच्या आन् म्हणायच्या, "हे तर हाय की माझ्या मोबाईलमंदी!" एकीनं तर आक्कालाच लावून दाखवलं. आधी गड्याचा आवाज आला, "हनुमंत मोबाईल, अहमदपूर, सादर करत आहे." आन् मंग आक्काचा गळा! कावेरीबाईचं नाव कुठंच न्हाई. पुढं गावोगाव तेच, ट्रॅक्टरवर तेच, वरातीत तेच. एका सरपंचिणीनं तर आक्काच्या तोंडावर सांगितलं, "हनुमंतचे गाणे लई भारी असतेत, तुम्हीबी भरून घ्या." फुकट मिळून राहिलं तर सीडी कोण घेतंय? घेईनात का. पण बाईचं नाव कशाला खायचं?

आक्का सीडी घेऊन त्याच्या दुकानात गेली, मी संगं होते. तो खाली मुंडी घालून कोणाच्या तरी पेन ड्राइव्हमंदी गाणे भरून राहिला होता.

"दादा, हे गाणे माझे हायत," आक्का म्हणली. "वाटायचे तर वाटा. पण माझं नाव तरी सांगा."

त्यानं वर बघितलंबी न्हाई. "मावशी, गाणं म्हंजे हवा. हवेवर कोणाचं नाव असतंय होय? उलट मी तुमचा आवाज गावोगाव नेला. मलाच पेढे द्यायला पाहिजेत तुम्ही."

दुकानातले गिऱ्हाईक फिदीफिदी हसले. माझ्या तर हाताला खाज सुटली होती, पण आक्कानं मला ओढत बाहेर आणलं. येस्टीत बसल्यावर म्हणली, "राजकन्ये, ह्याला मी सोडत नसते."

वर्षं गेली. सीड्या गेल्या, मेमरी कार्ड गेले, त्याचं यूट्यूबवर चॅनल आलं. गाणे आक्काचेच आन् नाव त्याचंच. मला वाटलं आक्का इसरली. इसरती कशाची!

मागच्या उन्हाळ्यात आमच्या भावकीतल्या सिंधूच्या पोरीचं, दीपमालाचं, लग्न ठरलं. पत्रिका मीच वाचून दाखवली. नवऱ्याच्या बापाचं नाव वाचलं. तोच हनुमंत! आक्का तांदूळ निवडून राहिली होती. हात थांबवून म्हणली, "रुखवताला मीच म्हणणार ना गं?"

आमच्याकडं रुखवत ठेवताना नवरीकडच्या बायका वऱ्हाडाला नाव घेऊन गाण्यात टोचतेत. कितीबी झोंबलं तरी त्यांनी हसायचं. रागावला तो हरला. आन् गाणारीण अडून बसली, तर ती मागंल ते देऊन व्याह्यानं तिला उठवायचं. तवर वऱ्हाडाची पंगत बसत न्हाई.

आक्कानं आधी दीपमालाला इचारलं. "पोरी, नांदायचं तुला हाय. तू नको म्हण, मी गप बसते."

पोरगी म्हणली, "म्हणा काकू. आपल्या माणसाचं खाल्लेलं त्यांला पचतंय कसं, ते मलाबी बघायचंय." शाब्बास गं माझी वाघीण!

लग्नात हनुमंत फेटा बांधून पुढं बसला होता, शेजारी त्याची म्हातारी आई. त्यानं आक्काला वळखलं न्हाई. वळखील कसा, तवा वर बघितलंच नव्हतं! उलट सोताच माइक आणून दिला. "म्हणा मावशी, माझंबी नाव घ्या! चॅनलवर लाइव्ह हाय, समदा जिल्हा बघून राहिला."

घे मंग. आक्कानं गळा सोडला:

*व्याही आमचे हनुमंत, दुकान त्यांचं मोठं,*
*गाणं विकती कावेरीचं, नाव सांगती खोटं.*

*व्याह्याच्या गं दुकानात काचेची पेटी,*
*लोकाची लेकरं सांगतो आपल्या पोटी.*

मी अशी झील धरली की मांडव दणाणला. पहिल्या कडव्याला वऱ्हाड पोट धरून हसलं. दुसऱ्याला कोणी कोणी हनुमंताकडं बघायला लागलं. आवाज तर समद्यांच्या वळखीचा, रोज मोबाईलवर ऐकलेला. हनुमंताचं तोंड काळं ठिक्कर पडलं. रागावता येईना, उठून जाता येईना. आक्का रुखवतापुढं अडून बसली, तसा घाईघाईनं खण घेऊन आला.

"खण नको," आक्का म्हणली आन् माइक त्याच्या हातात दिला. "तुमच्या चॅनलवरचे गाणे कोणाचे, ते माइकवर सांगा."

पंगत अडली. पाव्हणे वरडायला लागले, "सांगा की व्याही, भुका लागल्या!" तो माइकमंदी कायतरी पुटपुटला.

"ऐकू न्हाई आलं, दादा."

"कावेरीबाईचे," तो जरा मोठ्यानं म्हणला.

तवर त्याच्या म्हातारीनं कानामागं हात धरला. "कोणाचे रं? मी रोज सकाळी लावते, ते? ते तर तू काढलेले ना?"

आता आईला काय सांगतो? माइक हातातच होता. "न्हाई, आई. ह्या बाईचे हायत. मी चोरले."

म्हातारीनं आक्काकडं बघितलं, मंग पोराकडं बघितलं, आन् त्याच्याकडं पाठ करून बसली. आक्का उठली. पंगत बसली. आम्हीबी दाबून जेवलो, का जेवू नये?

येस्टीत मी इचारलं, "आक्का, झाला का जीव थंड?"

"झाला," आक्का म्हणली. तिकिटं पदराला बांधली. मंग म्हणली, "पर म्हातारीला कमी ऐकू येतं गं. आणखी एकदा सांगायला लावायला पाहिजे होतं."