देवाचं पाणी

यशवंतपूरला आमच्या गल्लीत नळ आला तो नव्वदच्या दशकात, आणि जमिनीखालचं गटार त्याच्याही मागून. तोवर प्रत्येक घरामागे खड्ड्याचा संडास आणि त्याच्या शेजारीच विहीर. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. विहिरीला आम्ही गंगा म्हणायचो, म्हणजे प्रश्नच मिटला.

गल्लीत कावीळ शिरली तेव्हा विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकायला सरकारी माणूस येऊ लागला. तो दिसला की आई कळशी घेऊन धावायची.

"स्वल्प थांबा अण्णा, देवाचं पाणी काढून घेते. मग काय टाकायचं ते टाका."

प्यायचं पाणी मात्र ती न चुकता उकळायची. देवाला उकळलेलं चालत नाही, म्हणून पूजा त्या कळशीतल्या पाण्याने. पूजेनंतर प्रत्येकाच्या तळहातावर पळीभर तीर्थ.

अक्का, माझी थोरली बहीण, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचे डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "पाणी उकळलेलंच पिते ना?"

"कच्च्याचा थेंब नाही," आई म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. तीर्थाला पाणी म्हणायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.

अक्का वाचली. मूल गेलं.

दवाखान्यातून आल्यावर ती देवासमोर बसली आणि सवयीने हात पुढे केला. आईने पळी भरली, पळीकडे पाहिलं, आणि तिचा हात तिथेच थांबला. तीर्थ तिने तुळशीत ओतलं. त्यानंतर आमच्या घरी पूजा होई, तीर्थ कुणाला मिळत नसे. मला आईचा संताप आला होता. कीवही आली होती, पण ती पुष्कळ नंतर.

दुसऱ्या बाळंतपणाला अक्का आली तोवर गटाराचे पाइप पडले होते आणि विहिरीवर फरशी बसली होती. पहिल्या सकाळी आईने नळाचं पाणी खळखळून उकळलं, निववलं आणि त्यानेच देवांना आंघोळ घातली. "त्यांनाही आता सवय करायला हवी," एवढंच म्हणाली.

पूजा झाल्यावर पळी तिने ताम्हनातच राहू दिली. अक्काने हात पुढे केला.

"दे गं."

आईने पळी भरली. ओतताना निम्मं तीर्थ जमिनीवर सांडलं. उरलेलं अक्का प्यायली.