तुरटीच्या पाण्यात विरलेला टॅप

त्या महिन्यात मी देवापुढे बसणं सोडलं होतं. भांडण काही नव्हतं. आजारपणानंतर उजवा हात कापायला लागला आणि त्याच्याकडे काही मागावंसंच वाटेना. सापगावला रस्त्यालगत माझं गॅरेज आहे. तिथे नुसता बसून असायचो.

मंगळवारी डोळखांबकडच्या एका पाड्यावरची जीप आली. ड्रायव्हर ओळखीचा. त्याच्या आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं आणि पाड्यावर दुसरी गाडी नाही. इंजिनाचं पाणी गळत होतं. ॲल्युमिनियमच्या एका हाउसिंगमध्ये, म्हणजे पाणी जातं त्या कवचात, बोल्टाच्या भोकाचे आटे गेले होते. नवे आटे पाडायला मी टॅप, म्हणजे आटे कापायचं पोलादी हत्यार, फिरवला, हात थरथरला आणि टॅप भोकातच तुटला.

"परवा आईला न्यायचीय, काका," तो एवढंच म्हणाला. नवं हाउसिंग शहापुरात मिळेना. बाहेरून यायला आठवडा लागणार होता.

मी पंच लावून हातोडी मारली. टॅप हलला नाही, भोकाची कड मात्र उडाली. ड्रिल लावलं, ते घसरलं. दुपारी मनात देवाला म्हणालो, माझ्याकडून होत नाही, आता तू बघ. त्यात श्रद्धा फारशी नव्हती, थकवा होता.

थोड्या वेळाने मुरबाडची एसटी जवळच बंद पडली. त्यातले एक म्हातारे गृहस्थ पाणी मागायला आत आले. पाणी पिताना त्यांनी हाउसिंग उचलून पाहिलं.

"मी घड्याळं दुरुस्त करायचो," ते म्हणाले. "पितळेत स्क्रू तुटला की तुरटीच्या गरम पाण्यात ठेवायचो. तुरटी लोखंड खाते, पितळेला काय करत नाय. या ॲल्युमिनियमला पण नाय करणार." मग माझ्या हातातली हातोडी त्यांनी काढून घेतली. "आता तुमी काय करू नका. पाणी करंल."

दुसरी बस आली, ते गेले. नाव विचारायचं राहूनच गेलं.

वाण्याकडून तुरटी आणली, ॲल्युमिनियमच्या पातेल्यात उकळली आणि हाउसिंग त्यात सोडलं. टॅपभोवती बारीक बुडबुडे यायला लागले. बुधवारी संध्याकाळी त्याचा काळा गाळ झाला होता. सुईने टोकरताच भोक मोकळं झालं. एक माप मोठे आटे मी ड्रायव्हरच्याच हातून पाडून घेतले. मी बाजूला उभा राहून फक्त "हळू" म्हणत होतो.

गुरुवारी जीप वेळेवर गेली. ते रसायन होतं की आणखी काही, हे मी ठरवत नाही. मी थांबलो तेव्हा काम सुरू झालं, एवढं मात्र पाहिलं.

परतताना ड्रायव्हरच्या आईने गॅरेजसमोर जीप थांबवायला लावली. उतरायची ताकद नव्हती. खिडकीतूनच म्हणाली, "बरं झालं रे बाबा."

मी हात जोडले. तिला जोडले की ज्याच्यापुढे बसणं सोडलं होतं त्याला, हे स्वतःला विचारलं नाही.