जॅम उतरेपर्यंत साधंच काहीतरी

काकांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात मीटिंगमध्ये होते. सकाळचे दहा वाजले असतील. हॉस्पिटलमधून ते एवढंच म्हणाले, "मुक्ता, खलास झालं गं." दुबईत बावीस वर्षं काढलेल्या माणसाच्या तोंडी दुःखातही तोच इथला अरबी शब्द येतो. शैलाकाकू गेली. दोन दिवसांपूर्वी डोकं फार दुखतंय म्हणून आडवी झाली होती, ती परत उठली नाही. मी टॅक्सीत बसले आणि हॉस्पिटलला पोचायच्या आत फोन थरथरायला लागला. आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बातमी पोचली होती. 'अन्नपूर्णा गेली.' 'काय ती अळूवडी…' 'गरम पोळी खावी तर वहिनींच्याच हातची.' 'आता हक्काने जेवायला कुठे जायचं?' मी बोटाने वर सरकवत वाचत राहिले. प्रत्येकाने आपण काय खाल्लं ते लिहिलं होतं. ती काय खायची, हे एकानेही लिहिलं नव्हतं. लिहिणार कुठून… तिला जेवताना कोणी पाहिलेलंच नव्हतं.

चार-पाच दिवसांनी कर्णिककाकांचा फोन आला. हे काकांचे जुने मित्र, आमच्या मंडळाचे पदाधिकारी, राहायला अजमानला. एका मराठी दैनिकाच्या पुरवणीचे संपादक त्यांच्या ओळखीचे. "तू पत्रकं वगैरे लिहितेस ना, मग वहिनींवर दोन शब्द लिहून दे. फार काही नको गं, साधंच लिही." मी हो म्हटलं. त्यांना वाटलं असेल, पोरगी गुणाची आहे. मी हो म्हटलं ते त्या 'साधंच' या शब्दासाठी. तो शब्द मी बारा वर्षांची असल्यापासून ऐकतेय, आणि आज त्याचा हिशोब… नाही, हिशोब नको. सूड म्हणू या. सरळ शब्द आहे.

काकूचं घर अल कुसैसला, शारजाची हद्द सुरू होते तिथून हाकेच्या अंतरावर. ज्यांना इथलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नोकऱ्या दुबईत, पण परवडणारी घरं शारजात आणि अजमानमध्ये. त्यामुळे संध्याकाळी अख्खी दुबई एकाच वेळी त्या हद्दीवर येऊन अडकते आणि फोनच्या नकाशावर रस्त्याची रेघ लालभडक होते. मग ज्याचं घर हद्दीच्या अलीकडे, त्याच्याकडे लोक थांबतात. काकूकडे थांबायचे. सहा-सव्वासहाला बेल वाजायची. "वहिनी, रस्ता लाल आहे हो. जरा जॅम उतरेपर्यंत बसतो. तुम्ही काही करू नका हं, असलं तर साधंच काहीतरी." आज एक, उद्या तिघं, गुरुवारी सातजण. (तेव्हा सुट्टी शुक्रवारची असायची.) आणि 'साधंच' म्हणजे काय ते काकूला ठाऊक होतं. आमटी, भात, एक सुकी भाजी, एक रस्सा, कोशिंबीर, भाजलेला नव्हे तर तळलेला पापड, आणि तव्यावरून थेट ताटात येणारी पोळी. थेट ताटात, हे महत्त्वाचं. डब्यात रचलेली पोळी आमच्यात पाहुण्याला चालत नाही. म्हणजे पाहुणा जेवतोय तोवर करणारी उभी. शेवटचा उठला की रेघ हिरवी झालेली असायची. "चला, यल्ला, रस्ता मोकळा झाला," म्हणत लोक लिफ्टकडे जायचे आणि काकू गॅस बंद करून स्वतःशीच म्हणायची, "खलास." मग ओट्याला टेकून, उभ्याउभ्याच, उरलेली पोळी आणि पातेल्याच्या तळाची आमटी.

बोट दुसऱ्याकडे दाखवायच्या आधी स्वतःचं नाव घ्यायचं, असं मला शिकवलंय. पुण्यात कॉलेजला असताना तिथल्या अभ्यासमंडळात मी पत्रकं लिहायला शिकले. वाक्य आखूड, नाव स्पष्ट, मागणी शेवटी. शारजात वाढलेली मी, आईबाबा निवृत्त होऊन साताऱ्याला गेले, आणि तीन वर्षांपूर्वी इथे नोकरी लागली तेव्हा काकूकडेच राहायला आले. येताना बॅगेत माझी पत्रकं होती. त्यातलं एक होतं 'स्वयंपाकघर हीसुद्धा कामाची जागा आहे'. पहिल्याच आठवड्यात, जेवताजेवता, किचनच्या दाराशी ताट घेऊन मी ते काकूला मोठ्याने वाचून दाखवलं. ती लाटत होती, भाजत होती, ऐकत होती. माझी तिसरी पोळी चालू होती. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "छान लिहिलंयस. अजून एक घेतेस ना? फुगलीय बघ." आणि मी घेतली. हे लिहिताना कान गरम होतात, पण घेतली.

पोळी वाढून झाल्यावर तिने हात पुसले, पत्रक घेतलं आणि उजेडात धरून पुन्हा वाचलं. म्हणाली, "सगळं आहे गं यात. मान आहे, मोबदला आहे, सुट्टी आहे. बसायचं कुठे, ते नाही."

"बसायचं?"

"तुला ऑफिसात पहिल्या दिवशी काय दिलं? खुर्चीच ना? मग?"

आमच्या कॉलेजच्या त्या अभ्यासमंडळात एवढी चर्चा झाली, एवढे कागद छापले, पण ज्यांनी ते लिहिलं ते सगळे बसून लिहीत होते. कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

काकूचं किचन म्हणजे बोळ होता. एका बाजूला ओटा, दुसऱ्या बाजूला फ्रिज आणि वॉशिंग मशीन, मधे एक माणूस आडवं फिरेल एवढी जागा. खुर्ची मागितली की काका म्हणायचे, "अगं, फ्रिजचं दार उघडणार नाही." ते बरोबरच होतं. दार उघडत नाही. बावीस वर्षं त्या घरात फ्रिजच्या दाराची सोय पाहिली गेली. काका वाईट माणूस नाहीत, कधी आवाज चढवला नाही, बायकोच्या स्वयंपाकाचं चारचौघांत तोंडभरून कौतुक केलं. ओंकार, त्यांचा मुलगा, इथेच वाढला. तो मराठीतल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देतो. "मॉम, जस्ट ऑर्डर ना, व्हॉट्स द बिग डील." एकदा तिने मागवलंही. मग प्लॅस्टिकचे डबे पिशवीत लपवले, भाज्या स्वतःच्या पातेल्यांत ओतून, वर कोथिंबीर पेरून वाढल्या. कर्णिककाका बोटं चाटत म्हणाले, "वहिनी, ही चव हॉटेलात नाही." काकूने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नंतर आतल्या खोलीत उशीत तोंड घालून हसली. तो तिचा पहिला गुन्हा असावा.

मग गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात एकदा मी ऑफिसातून लवकर आले तर काकू उघड्या फ्रिजसमोर उभी. फ्रिज टूं टूं वाजत होता आणि ती हलत नव्हती. मला वाटलं चक्कर आली. मी दार लावलं. तिचे घोटे सुजून मनगटाएवढ्या जाड बांगड्या घातल्यासारखे दिसत होते. म्हणाली, "मला शिजवायचा कंटाळा नाही गं आलेला. 'आज काय करू' याचा आलाय. रोज तेच. मी विचारते, आणि सगळे म्हणतात काहीही कर, साधंच कर. कोणी नाव म्हणून घेत नाही एका भाजीचं." मी म्हटलं, "मग नको ना विचारू." दुसऱ्या दिवशी ती एकटी बसने जाऊन एक स्टूल घेऊन आली. लाकडी, तीन पायांचं, ओट्याशी बसता येईल एवढ्या उंचीचं. तिने ते फ्रिज आणि ओट्याच्या मधे ठेवलं आणि बसली.

"दार उघडत नाहीये," काका म्हणाले.

"अर्धं उघडतं," काकू म्हणाली. "हात जातो आत."

एवढंच भांडण. पण घर बदललं. ती बसून चिरायची, बसून लाटायची. पोळ्या साडेपाचलाच करून डब्यात रचायची, रस्त्याची रेघ लाल व्हायच्या आधी, आणि गॅस बंद. खलास. सोमवारी खिचडी, मंगळवारी आमटी-भात, बुधवारी कोपऱ्यावरच्या बेकरीतला खबूस, म्हणजे इथली अरबी रोटी, आणि उसळ. तक्ता फ्रिजवर लावला. फक्त रविवारचा रकाना कोरा होता. विचारणं बंद. बेल वाजली की म्हणायची, "या भावजी. आज बुधवार, खबूस आहे. ताटं तिथे, डबा तिथे." पहिल्यांदा कर्णिककाकांनी डब्याचं झाकण उघडलं, पोळीला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "वहिनी, गरम नाही का?" काकू स्टुलावरून म्हणाली, "तवा तापवून घ्या ना. लायटर डावीकडे आहे." ते गारच खाऊन गेले.

मग माणसं कमी झाली. जॅम तेवढाच होता, रेघ तेवढीच लाल होती, पण लोक गाडीतच बसून राहायला लागले. एकदा लिफ्टचं दार लागायच्या आधी कर्णिककाका दुसऱ्याला म्हणाले, "वहिनींचं आता पूर्वीसारखं राहिलं नाही." काकू दारातच उभी होती, तिने ऐकलं. मी भांडायला पुढे झाले, तर तिने माझं मनगट धरलं. "खरंच बोलले की ते. नाही राहिलं पूर्वीसारखं." आणि आत जाऊन तिने स्वतःसाठी उकड लावली. तांदळाचं पीठ, आंबट ताक, लसणीची फोडणी. स्टुलावर बसली, ताटलीत वाढून घेतली, वर कच्चं तेल सोडलं. पहिला घास फुंकून खाल्ला आणि थांबली. म्हणाली, "मुक्ता, उकड गरम असताना वेगळीच लागते गं."

छप्पन्न वर्षांची होती ती. तिच्या हातची उकड मीच किती वेळा खाल्ली होती, वाफ निघत असताना. तिने ती आयुष्यात कधी गरम खाल्ली नव्हती. त्या वाक्यावर मी शंभर पत्रकं लिहू शकते, पण एकही त्याच्याएवढं होणार नाही. त्यानंतर तिला आठ महिने मिळाले. आठ महिने बसून.

तेराव्याला घर पुन्हा भरलं. जे आठ महिने गाडीत बसून राहिले तेही आले. जेवणाआधी कर्णिककाकांनी उभं राहून जाहीर केलं की मंडळातर्फे वहिनींच्या स्मरणार्थ दरवर्षी 'अन्नपूर्णा स्पर्धा' घ्यायची. महिलांसाठी. गरम पोळ्यांची, घड्याळ लावून. माना डोलल्या. कोणाचे तरी डोळेही भरून आले. मी आत गेले, भिजवून ठेवलेली कणीक आणली आणि पोळपाट-लाटणं त्यांच्यासमोर टेबलावर ठेवलं.

"कर्णिककाका, उद्घाटन तुमच्या हातून."

"अगं, मला कुठे येतं?"

"काकूलाही जन्मतः येत नव्हतं."

लोक हसले, त्यांना ती गंमत वाटली. कर्णिककाकाही हसत आत आले, बाह्या वर केल्या. पहिली पोळी पोळपाटाला चिकटली. दुसरी अशी झाली की सात अमिरातींपैकी एकीचाही आकार तिला लावता येईना. बोट भाजलं. बाहेरून कोणीतरी हाक मारली, "कर्णिक, गरम येऊ द्या." मी ताटं पुढे करत राहिले, ते लाटत राहिले. आठवी की नववी झाल्यावर कपाळ पुसत म्हणाले, "जरा टेकतो गं," आणि स्टुलाकडे वळले.

"ते नाही," मी म्हटलं. "उभ्याने."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दारात काका उभे होते. ते काही बोलतील असं मला वाटलं. काकांनी पुढचं रिकामं ताट आत दिलं. सगळ्यांचं झाल्यावर तळाची एक पोळी उरली, ती मी कर्णिककाकांच्या हातात ठेवली. ओट्याला टेकून त्यांनी एक तुकडा मोडला.

"गार झाली गं."

"हो. अशीच लागते ती."

मला वाईट वाटलं का? नाही वाटलं. आजही वाटत नाही. त्यांनी ताट स्वतः घासलं, एवढं श्रेय देते. स्पर्धेचं नाव पुढे कोणी काढलेलं नाही.

ओंकार नोकरीसाठी दुसरीकडे राहतो, आता घरात काका आणि मी. फ्रिजवरचा तक्ता तसाच आहे, काका खिचडी लावायला शिकलेत, डाळ अजून जरा कच्ची राहते. गेल्या आठवड्यात ते दही काढायला गेले, दार स्टुलाला आपटलं. मला वाटलं, आता म्हणतील बाहेर ठेवू या का. ते स्टुलाकडे बघत राहिले. मग खांदा तिरका करून, त्या अर्ध्या फटीतून कोपरापर्यंत हात आत घातला, दह्याचा डबा चाचपडत काढला, आणि म्हणाले, "जातो हात."

मागणी शेवटी लिहायची असते, म्हणून लिहिते. रस्ता लाल असेल तर या. ताटं तिथे, डबा तिथे. पोळी गार असेल. किचनमधल्या स्टुलाला हात लावायचा नाही.