आपोआप जुळणारे चुंबक

आमच्या संगमनेरच्या कॉलेजात फिजिक्स डिपार्टमेंटचे किस्से शोधावे लागत नाहीत. कॉम्प्युटर रूमच्या दाराशी चपला काढल्या की एखादा घडतोच. ऐकणारे हसतात. मला अजून हसू येत नाही.

पंच्याण्णव साल. मी तिथं नुकतीच शिकवायला लागले होते. चुंबकी कण द्रवात सोडले की ते आपोआप जुळून साखळ्या, कड्या करतात. कसल्या कणांची कसली रचना होईल, हे मला कॉम्प्युटरवर आधीच काढायचं होतं. पुण्याच्या गाइडनी बजावलं होतं, "दिवाळीपर्यंत निकाल दाखव, नाहीतर पीएचडीचा विषय दुसऱ्याला देतो." आणि कॉलेजातला एकुलता एक कॉम्प्युटर आमच्या हेडसरांच्या ताब्यात!

*

सरांना विषय समजावला.

"कण आपोआप जुळतात?"

"हो, सर."

"मग तू कशाला लागतेस?"

*

जेवणाच्या सुट्टीत सरांनी कॉम्प्युटरचं बटण बंद केलं. आठवडाभराची आकडेमोड गेली! मी रडकुंडीला आले. सर डबा उघडत म्हणाले, "अगं, पंख्यालासुद्धा विश्रांती देतो आपण."

*

संस्थेचे अध्यक्ष पाहणीला आले. पडद्यावर ठिपके एकमेकांकडे सरकत होते. अध्यक्ष कौतुकानं बघत राहिले. जाताना म्हणाले, "पोरी, गेम लई भारी हाय. पन कालेजात नको खेळत जाऊ."

सर म्हणाले, "मी समज देतो तिला, साहेब!"

*

खंडेनवमीला शिपाईमामांनी कीबोर्डची हळदकुंकू वाहून पूजा केली. एंटरचं बटण आत रुतून बसलं. मी ओरडले.

"रागावू नगं ताई, बाकीची बटनं हायेत की!"

*

तरीही दिवाळीच्या तोंडावर पडद्यावर कड्या जुळल्या. गोल, बंद, सुंदर! तेवढ्यात मार्कशीटसाठी मशीन रिकामं करायचा हुकूम आला. मी सगळं फ्लॉप्यांवर उतरवलं. प्रत्येक पाकिटावर चुंबकाचं चित्र आणि त्यावर फुली छापलेली. चुंबक जवळ नेला तर सगळं पुसलं जाईल, ही ताकीद. "डिपार्टमेंटची वस्तू डिपार्टमेंटमध्येच राहील," म्हणत सरांनी फ्लॉप्या ठेवून घेतल्या.

पुण्याला निघायच्या सकाळी मागायला गेले. सरांनी कपाट उघडलं, लाकडी पेटी काढली आणि पट्टीचुंबकांच्या मधोमध जपून ठेवलेल्या फ्लॉप्या माझ्या हातात दिल्या.

"माझ्याकडे सगळं विषयवार असतं! भिंगं प्रकाशात, तापमापी उष्णतेत. आणि तुझ्या पाकिटावर तर चित्रच होतं. विचारावंसुद्धा लागलं नाही!"