पत्र्याच्या होडीला शीड

तीस वर्षं मी नागापूरच्या एमआयडीसीत लेथ चालवला. तिथं केसाच्या जाडीइतकी चूक झाली तरी जॉब भंगारात जातो. त्यामुळे निवृत्त झालो तेव्हा जगातली बहुतेक कामं मला येतात, आणि जी येत नाहीत ती मोबाईलवर बघून येतील, असा माझा पक्का समज होता. बायकोचा नव्हता.

तिचं माहेर अकोले तालुक्यात, धरणाच्या फुगवट्याच्या काठावर. पलीकडच्या काठाला जायचं तर होडीनं पाव तास, नाहीतर डोंगराला वळसा घालून दोन तास चाल. हे पाणी एका जागी थांबत नाही. पावसाळ्यात ते घराखालच्या आंब्यापर्यंत चढतं आणि खालच्या शेतीसाठी धरणातून पाण्याचं आवर्तन सुटलं की एका रात्रीत मागं सरकतं. उघड्या पडलेल्या गाळावर लोक काकडी लावतात, वाल पेरतात. पाणी चढलं की घराकडं, उतरलं की गाळाकडं, असा सगळ्या वस्तीचा दिवस चालतो.

माझा थोरला मेव्हणा तिथं होडी वल्हवतो. दुधाचे कॅन, शेळ्या, शाळेचे गुरुजी, नव्या नवऱ्या, सगळं त्याच्या होडीतून पलीकडं जातं. त्याची एक जुनी पत्र्याची होडी आंब्याखाली पालथी पडली होती. ती बघून माझे हात शिवशिवले.

"दादा, हिला शीड लावू. वल्हवायचं कामच नको. वारा फुकट आहे."

तो बिडी विझवत म्हणाला, "दाजी, वारा फुकट हाय, पन तो आपल्याला इचारून न्हाई येत."

मी हे मनावर घेतलं नाही. केडगावला आमच्या घरी परतून आठवडाभर शिडाच्या होड्यांचे व्हिडिओ बघितले. ओळखीच्या वर्कशॉपमधून जीआय पाइपची डोलकाठी करून घेतली. शिडासाठी एक मोठा फ्लेक्स मिळवला. त्यावर कुणा पुढाऱ्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या आणि तो पुढारी हात जोडून हसत होता. व्हिडिओतल्या होड्यांना पोटाखाली एक उभी फळी असायची. ती मला शोभेची वाटली. गाळली.

होळी झाल्यावर आम्ही सगळं सामान टेम्पोत घालून गेलो. दोन दिवसांत होडी उभी राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी मावळतीकडून छान वारा सुटला. मी डोक्याला उपरणं बांधून काठावर आलो, तेवढ्यात बायकोची चुलती टोपली घेऊन पोचली. सत्तरीच्या आसपासची, सडपातळ, पलीकडच्या गाळावर तिची काकडी होती. मेव्हणा बाजाराला गेला होता.

"जावईबापू, मला पल्याड सोडता का?"

बायको हळूच म्हणाली, "अहो, आधी एकटे जाऊन बघा ना."

पण मला पहिली सवारी मिळाली होती. मी चुलतीला हात देऊन होडीत बसवलं आणि शीड उभारलं. तिनं मान वर करून फ्लेक्सकडं बघितलं.

"ह्यो कोन? आपल्याकडला हाय का?"

"नाही हो. नुसतं कापड आहे."

शीड फुगलं आणि होडी खरंच निघाली. वल्हं न मारता पाणी कापत चाललेली होडी! काठावर बायको लहान लहान होत गेली. मला वाटलं, तीस वर्षं उगाच लोखंड कातत बसलो. थोड्या वेळानं चुलती म्हणाली, "आमची काकडी तिकडं ऱ्हायली."

मी बघितलं. समोरचा काठ समोर नव्हताच. तो डाव्या हाताला हळूहळू मागं सरकत होता आणि आम्ही वाऱ्याबरोबर सरळ उगवतीला, धरणाच्या भिंतीच्या दिशेनं चाललो होतो. मी सुकाणू इकडं फिरवलं, तिकडं फिरवलं. होडीचं तोंड वळायचं, पण होडी खेकड्यासारखी आडवी घसरत राहायची. ती शोभेची फळी कशासाठी असते, ते मला तेव्हा कळलं. शीड उतरवायला गेलो तर दोरीची गाठ आवळून बसलेली. वल्हं मी वजन वाढेल म्हणून घरी ठेवलं होतं.

"घाबरू नका," मी म्हणालो.

"मी कुटं घाबरले?" चुलती म्हणाली. "तुमीच पांढरं पडलाय."

शेवटी एका ओसाड टेकडीच्या सोंडेवर होडी जाऊन थडकली. मी ती एका झुडपाला बांधली आणि आम्ही चालायला लागलो. काट्याकुट्यातून घर गाठायला दिवस मावळला. वाटेत चुलतीनं मला दोनदा बसवून पाणी पाजलं. मी तिला एकदाही नाही. बाटली तिचीच होती.

जेवताना मेव्हणा एवढंच म्हणाला, "आज पानी सोडनार हाएत. होडी सैल बांधलीय ना?"

मी "हो हो" म्हणालो. गच्च बांधली होती, पण आता कोण जातंय.

सकाळी लवकर उठून, कुणाला न सांगता, मी होडी आणायला गेलो. वल्हं खांद्यावर होतं. सोंडेवर पोचलो तर झुडूप होतं, होडी होती, पाणी नव्हतं. ते दहा-बारा पावलं खाली गेलं होतं आणि होडी उतारावरच्या गाळात तिरपी बसली होती. मी ओढून नेईन म्हणून पुढं झालो. चौथ्या पावलाला मांडीपर्यंत आत गेलो. चप्पल तळाशी राहिली. कसाबसा होडीची कड धरून वर चढलो, पण आता परत कसं यायचं?

उन्हं वर आल्यावर दोन बायका सरपण घेऊन आल्या. त्यांनी मला बघितलं, डोक्यावरचे भारे खाली ठेवले आणि निवांत बसल्या. मग मेव्हणा होडी वल्हवत आला. तो पाण्यातच थांबला.

"दाजी, काय करताय?"

"बसलोय."

"बसा. पन न्याहारी झालीय." मग हसू आवरत म्हणाला, "त्ये कापड सोडा. गाळावर हातरा आन पोटावर सरपटत या. उभं ऱ्हायचं न्हाई."

मी पत्र्याच्या कडेवर घासून शिडाचा दोर तोडला, फ्लेक्स पसरला आणि त्या पुढाऱ्याच्या हसऱ्या चेहऱ्यावरून, जोडलेल्या हातांवरून सरपटत पाण्यापर्यंत पोचलो. मेव्हण्यानं दंडाला धरून मला आत ओढलं. वरच्या बायका इतक्या हसत होत्या की एकीला ठसका लागला.

होडी पाऊस येईपर्यंत तिथंच राहिली. केडगावला दर रविवारी मेव्हण्याचा फोन यायचा, "तुमचं जहाज हाय तिथंच." श्रावणात पाणी चढलं, ती आपोआप तरंगली आणि त्यानं ती दोरीनं ओढून आणली.

त्या दिवाळीत मी त्याच्याकडून वल्हवायला शिकलो. पहिले दोन दिवस होडी जागच्या जागी गोल फिरायची. पाचव्या दिवशी तळहाताला फोड आले, पण मी चुलतीला एकट्यानं पलीकडं पोचवलं. पाव तासाच्या जागी पाऊण तास लागला. उतरताना तिनं पदर सावरला आणि म्हणाली, "माघारी न्यायला त्याला धाडा. मला सैपाक करायचाय."