मागून आलेली हाक

दुबई मरीनाला सकाळी धुकं पडलं की उंच इमारती अर्ध्याच उरतात. त्या धुक्यात मला रोज एक म्हातारे ऑस्ट्रेलियन गृहस्थ दिसायचे. रंगानं काळे, किंचित लंगडणारे. वाटेत रिकामी बाटली दिसली की ती पायानं उडवून हातात झेलायचे आणि डब्यात टाकायचे.

एकदा ते बाकावर टोपी विसरून निघाले. मी मागून "अंकल, अंकल!" ओरडले. वळलेच नाहीत. शेवटी धावत जाऊन जरा चिडूनच त्यांच्यासमोर उभी राहिले.

"ऐकू येतं मला," ते इंग्रजीत हसत म्हणाले. "आम्ही ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी. तरुणपणी फुटबॉल खेळायचो, तेव्हा प्रेक्षक आमच्या रंगावरून शिव्या द्यायचे, माकडांचे आवाज काढायचे. मी न वळायची सवय लावून घेतली. पण टाळ्याही तिकडूनच यायच्या ना! त्याही गेल्या."

आता मी त्यांना हाक मारत नाही. भरभर चालत पुढे जाते आणि समोरून गुड मॉर्निंग म्हणते.

हल्ली माझी पावलं मागून ऐकू आली की त्यांची चाल मंदावते. वळत मात्र नाहीत.